दिवेलागणीनंतर पाऊण तासात स्वयंपाक

कापूस वेचणीच्या नाहीतर सोयाबीन काढणीच्या दिवसांत घरातली सगळीच माणसं सहा-साडेसहाला शेतातून परततात. हातपाय धुऊन चहा होईस्तोवर सात वाजतात आणि लेकरं तेव्हापासूनच स्वयंपाकघरात डोकावू लागतात. अशा वेळी 'आता काय करू?' या विचारातच वीस मिनिटं जातात. म्हणून काय रांधायचं हे सकाळीच ठरवून ठेवा. एवढं एक ठरलेलं असलं की नवशिक्या हातांनीही पावणेआठला ताट वाढून होतं.

पुढची सगळी मापं चार-पाच माणसांच्या घराला पुरतील अशी आहेत. वाटी म्हणजे आमटीची साधी वाटी, काठोकाठ भरली तर साधारण 150 मिली पाणी मावेल एवढी. चमचा म्हणजे पोहे खायचा. आणि सांबार म्हटलं की विदर्भात कोथिंबीर समजायची, हे बाहेरून बदलीवर आलेल्यांसाठी.

सकाळची दहा मिनिटं

सकाळी डबे भरताना चार कामं उरकून ठेवा. संध्याकाळी लागणारी डाळ निवडून, मोजून डब्यात काढा. पंधरा-वीस लसणाच्या पाकळ्या सोला. भाजी असेल तर निवडून ठेवा. धुवायची आणि चिरायची मात्र संध्याकाळी, कारण ओली, चिरलेली पालेभाजी दिवसभरात काळी पडते. चौथं काम वाटणाचं. काही वाटायचं असेल तर वीज आहे तोवर मिक्सरमधून काढून घ्या. संध्याकाळी लाइन गेली की वाटणावाचून सगळं अडून बसतं. खलबत्ता मात्र हाताशी असूच द्या. लसूण-मिरची त्यात दोन मिनिटांत ठेचून होते आणि चवही मिक्सरपेक्षा चांगली येते.

संध्याकाळची कामं वाटून घ्या. लसूण सोलणं, सांबार निवडणं, पाणी आणून ठेवणं, ताटं मांडणं ही आठ-दहा वर्षांच्या पोरापोरींनाही जमणारी कामं आहेत. एकानं भाकरी थापायची, दुसऱ्यानं शेकायची, असं केलं तर सहा भाकरी वीस मिनिटांत होतात. एकट्या माणसाला त्यालाच अर्धा तास लागतो.

तुरीचं वरण: इथूनच सुरुवात

नव्यानं स्वयंपाक शिकणाऱ्यानं पहिल्या आठवड्यात फक्त वरण-भात नीट शिकावा. पुढचे अर्धे पदार्थ वरणावरच उभे आहेत.

एक वाटी तूरडाळ दोन-तीन पाण्यांनी धुवा आणि अर्धा तास भिजवा. शेतातून आल्याआल्या भिजत घातली तर चहा होईपर्यंत तेवढा वेळ होतोच. कुकरच्या डब्यात डाळ, अडीच वाट्या पाणी, पाव चमचा हळद आणि चार थेंब गोडं तेल घाला. तेलानं फेस कमी येतो आणि शिट्टीतून पिवळं पाणी उडत नाही. दुसऱ्या डब्यात दोन वाट्या धुतलेले तांदूळ आणि चार वाट्या पाणी. कुकरच्या तळाशी दोन वाट्या पाणी घालायला विसरू नका. ते आटलं तर कुकर करपतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. चार शिट्ट्या झाल्या की आच बारीक करून पाच मिनिटं ठेवा, मग बंद करा. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की डाळ वरवर शिजल्यासारखी दिसते, पण घोटताना कणी लागते. कुकरात पाणी सुमारे 120 अंशांवर असतं आणि त्या शेवटच्या दहा मिनिटांत डाळ आतून फुलत असते.

डाळ शिजतच नाही, अशी तक्रार अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात घरोघरी ऐकू येते. तिथं दोष बहुतेक वेळा पाण्याचा असतो. बोअरच्या जड पाण्यातले क्षार डाळीचा गर घट्ट धरून ठेवतात, मग कितीही शिट्ट्या द्या. डाळीपुरतं पाणी फिल्टरचं किंवा गोड्या विहिरीचं वापरा. ते नसेल तर भिजवण्याचा वेळ एक तास करा आणि शिजवताना खायच्या सोड्याची अगदी एक चिमूट घाला. जास्त घातला तर वरणाला साबणासारखा वास येतो आणि डाळीतली जीवनसत्त्वंही कमी होतात. चिंच, टमाटर, अंबाडी असं आंबट काहीही डाळ पूर्ण शिजल्यावरच घालायचं. आंबटात डाळ नरम पडत नाही.

आता फोडणी. इथं घाई केली की सगळं वरण कडू होतं. छोट्या कढईत तीन चमचे तेल तापवा. मोहरीचा एक दाणा टाकून बघा. तडतडला की अर्धा चमचा मोहरी घाला. ती पूर्ण फुटू द्या. मग जिरं, ठेचलेल्या सात-आठ लसणाच्या पाकळ्या, दोन सुक्या मिरच्या. लसणाच्या कडा तांबूस झाल्या की गॅस बंद करा. हो, आधी बंद करा, आणि मगच हिंग, हळद, तिखट घाला. तिखट तापल्या तेलात सहा-सात सेकंदांत काळं पडतं. तो काळा रंग आणि कडवटपणा मग कशानंच जात नाही. लगेच घोटलेलं वरण ओता, हवं तेवढं गरम पाणी आणि मीठ घालून एक उकळी आणा. गार पाणी घातलं तर वरण चोथापाणी होतं, म्हणजे पाणी वर आणि डाळ खाली.

फ्रिज असेल तर एकदम दोन वाट्या डाळ शिजवा. अर्धी फोडणी न देता, घोटून, गार करून झाकणाच्या डब्यात ठेवा. दोन दिवस चांगली राहते. तिचं काय करायचं ते पुढं येतंच.

बेसन आणि भाकर

पश्चिम विदर्भात 'आज बेसन कर' म्हणजे पिठलं कर. घरात भाजीचं पानसुद्धा नसलं तरी हे होतं, म्हणून नवशिक्यानं वरणाच्या पाठोपाठ हेच शिकावं.

साहित्य: दीड वाटी बेसन, पाच वाट्या पाणी, दोन मोठे कांदे, पाच-सहा हिरव्या मिरच्या, दहा लसणाच्या पाकळ्या, चार चमचे तेल, मोहरी, जिरं, अर्धा चमचा हळद, मीठ, मूठभर सांबार.

पाचपैकी दोन वाट्या पाणी गार घ्या आणि त्यात बेसन हातानं कालवा. आधी थोडं पाणी घालून घट्ट गोळा करायचा, तो चोळून एकजीव करायचा, मग उरलेलं पाणी. हा क्रम पाळला की गुठळी होत नाही. सुकं बेसन सरळ उकळत्या पाण्यात पडलं की त्याच्या बाहेरचा थर झटकन शिजून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच कोंडून राहतं. गुठळी म्हणतात ती हीच. जाणती माणसं वरून पीठ भुरभुरत घोटतातही, पण त्यांचा दुसरा हात तेवढाच भरभर चालत असतो.

कढईत मोहरी-जिऱ्याची फोडणी करा, ठेचलेली लसूण-मिरची परता, उभा चिरलेला कांदा घालून कडा गुलाबी होऊ द्या. हळद, मग तीन वाट्या पाणी आणि मीठ. खळखळून उकळी आली की कालवलेलं बेसन बारीक धारेनं सोडत पळीनं सारखं ढवळत राहा. दोन मिनिटांत ते दाटून येईल. इथं बरेच जण गॅस बंद करतात, म्हणून बेसन कच्चं लागतं आणि रात्री पोट फुगतं. झाकण ठेवून मंद आचेवर आणखी सहा-सात मिनिटं शिजवा, मध्ये दोनदा तळापासून ढवळा. शिजल्याची खूण अशी: फुगे 'फट्-फट्' आवाज करत फुटतात, कडेला तेलाची चकाकी दिसते आणि कच्च्या पिठाचा वास गेलेला असतो. थोडं पातळ असतानाच उतरवा, ताटात पडेपर्यंत ते अजून घट्ट होतं.

कोरडा झुणका हवा असेल तर दीड वाटी बेसनाला पाणी दोन वाट्यांच्या आतच ठेवा, कांदा दुप्पट घ्या आणि तेल दोन चमचे वाढवा. तेलात हात आखडला तर झुणका घशात अडकतो.

भाकर शिकायला मात्र आठ-दहा दिवस लागतात, एवढं मनाशी धरूनच बसावं. गव्हाच्या कणकेत ताण असतो, ज्वारीच्या पिठात तो नसतो. ज्वारीला धरून ठेवते ती तिची विरी, म्हणजे भिजवून मळल्यावर येणारा चिकटपणा. दळण जुनं झालं की विरी जाते, थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना भाकरीचे दोन तुकडे होतात. त्यामुळे ज्वारी आठ-दहा दिवसांपुरतीच दळून आणा, पावसाळ्यात तर त्याहूनही कमी.

एका भाकरीला एक वाटी पीठ आणि अंदाजे अर्धी वाटी पाणी लागतं. पाणी चांगलं कडकडीत घ्या. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च किंचित शिजतो आणि पीठ धरतं. शिकणाऱ्याला हा मोठाच आधार आहे. परातीत पीठ घेऊन मधोमध पाणी ओता, चमच्यानं कालवा, हाताला सोसवेल तसं तळव्याच्या टाचेनं रगडा. निदान दोन मिनिटं रगडायचं. गोळा हातात घेऊन बोटानं दाबला आणि कडेला भेग पडली तर पाण्याचा हात लावून पुन्हा रगडा. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळा. सगळ्यांचं एकदम मळून ठेवलं की शेवटच्या दोन भाकरींचं पीठ सैल आणि चिरडं होऊन बसतं.

परातीत पीठ भुरभुरून गोळा बोटांनी कडेकडेनं थापा. परात उजवीकडं फिरत राहिली पाहिजे. भाकर चिकटत असेल तर खाली पीठ कमी पडलंय. तवा आधीच तापलेला हवा. पिठाची बाजू वर येईल अशी भाकर टाका आणि लगेच सगळ्या पृष्ठावर पाण्याचा हात फिरवा. आता नजर भाकरीवरच ठेवा. पाणी चकाकत असतं तेव्हा उलटू नका, ते तव्याला चिकटेल. चकाकी जाऊन पृष्ठ जेमतेम ओलसर दिसलं की सराट्यानं उलटा. उशीर झाला की वरचा थर सुकून तडे जातात आणि अशी भाकर फुगत नाही, वाफ तड्यांतून निघून जाते. दुसरी बाजू नीट भाजून झाली की पहिली बाजू सरळ आचेवर धरा. चुलीवर असाल तर पऱ्हाटीचा जाळ थोडा मागं सारून निखाऱ्याकडं भाकर उभी करा. टम्म फुगली की झाली.

शेगडीला दोन बर्नर असतील तर एकावर बेसन मंद आचेवर झाकून ठेवायचं आणि त्याच वेळी दुसऱ्यावर तवा चढवायचा. बेसन आधी, भाकरी नंतर. उलट केलं तर गरम भाकर बेसनाची वाट बघत कडक होते. सोबत कच्चा कांदा आणि ठेचा.

ठेवलेल्या वरणाचे दोन प्रकार

फ्रिजमधलं साधं वरण दुसऱ्या दिवशी वरणफळांना लावा. यातच पोळी आणि वरण दोन्ही येतं, वेगळी भाजी लागत नाही. दोन वाट्या कणिक, थोडं मीठ, एक चमचा तेल घालून पोळीपेक्षा घट्ट भिजवा. गंजात, म्हणजे पातेल्यात, फोडणी करा, वरण आणि पाच वाट्या पाणी घाला, तिखट, मीठ, थोडा गूळ आणि चिंचेचा कोळ. पोळी जरा जाडसर लाटून सुरीनं शंकरपाळ्यासारखे तुकडे पाडा. वरण जोरात उकळत असतानाच तुकडे चार-पाच करून सोडा. उकळी नसताना किंवा सगळे एकदम टाकले तर त्यांचा एकच लगदा होतो. दहा मिनिटं उकळू द्या. तुकडा मोडून बघितल्यावर मध्ये पांढरी रेघ दिसायला नको. वाढताना वरून कच्चं तेल किंवा तूप. तासाभरानं हे फार घट्ट होतं, तेव्हा मागून जेवणाऱ्यांसाठी गरम पाणी घालून सैल करा.

तिसऱ्या दिवशी डाळभाजी. लग्नाच्या पंगतीतली ही भाजी घरी अवघड वाटते, पण वरण तयार असेल तर पंचवीस मिनिटांचंच काम आहे. दोन चमचे चणाडाळ आणि मूठभर शेंगदाणे दोन तास भिजवून ठेवलेले हवेत. ते आणि पालकाची एक मोठी जुडी, धुऊन बारीक चिरून, तीन शिट्ट्यांत शिजवा. पालक घोटा, वरण मिसळा, एक चमचा बेसन पाण्यात कालवून त्याचं आलन लावा आणि पाच मिनिटं उकळा. आलन नसेल तर पालक एकीकडं आणि पाणी एकीकडं राहतं. वरून लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी जरा सढळ हातानं द्या.

गोळाभात

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं रात्रीच्या ताटात भाताचा वाटा मोठा असतो, आणि गोळाभात म्हणजे भातातच भाजी. चणाडाळीचा रवाळ भरडा एक वाटी घ्या. बारीक बेसन नको, त्याचे गोळे दगडासारखे होतात. त्यात तीन चमचे कडक तेलाचं मोहन, हळद, एक चमचा तिखट, जिरं, हिंग, मीठ घालून चोळा. तीन-चार चमचे पाण्यात जेमतेम गोळा वळेल एवढंच ओलं करून लिंबाएवढे दहा-बारा गोळे वळा. दाबून घट्ट करू नका.

गंजात पाच वाट्या पाण्याला उकळी आणून मीठ आणि दोन वाट्या तांदूळ सोडा. पाणी आटून भाताच्या पृष्ठावर छिद्रं दिसू लागली की गोळे अलगद भातात खोचा, वर थोडा भात सारा, झाकण ठेवा आणि झाकणात पाणी घाला. मंद आचेवर पंधरा मिनिटं. पाणी भरपूर असताना गोळे टाकले तर ते विरघळून भात पिवळा होतो. फार उशिरा टाकले तर मध्ये कोरडे राहतात. पहिल्यांदा करताना एक गोळा फोडून बघा. ताटात गोळा कुस्करून त्यावर मोहरी, हिंग, सुकी मिरची घातलेलं गरम तेल ओततात. सोबत चिंचेचं सार.

खिचडी-कढीबद्दल फार सांगायला नको: दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, सात वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. कढी मात्र फुटते. दोन वाट्या दह्यात दीड चमचा बेसन आधीच घुसळून घ्या, मग तीन वाट्या पाणी. उकळी येईपर्यंत एकाच दिशेनं ढवळत राहा, आच मध्यम, आणि मीठ पहिल्या उकळीनंतर. बेसनामुळं दह्याचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून ते वगळू नका.

उन्हाळ्यात काय बदलायचं

चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. तेव्हा सकाळी भिजत घातलेली डाळ संध्याकाळपर्यंत आंबून फेसाळते. उन्हाळ्यात भिजवणं घरी आल्यावरच. फ्रिज नसेल तर शिजलेलं वरण किंवा भात दुपारनंतर ठेवूच नका. विशेषतः भात: बाहेर राहिलेल्या भातात वाढणारे जंतू जे विष सोडतात, ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही. वास आला नाही म्हणून तो चांगला आहे असं समजू नका. फ्रिज असला आणि वीज चार-पाच तास गेली असली, तरी डब्यातल्या वरणाचा मोह सोडा आणि ताजं बेसन करा.

बरण्यांत काय असावं

आठवडी बाजारच्या दिवशी एक तास काढून तीन गोष्टी करून ठेवा. भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट. जवसाची चटणी: एक वाटी जवस मंद आचेवर तडतडणं थांबेपर्यंत भाजा, पूर्ण गार झाल्यावर दोन चमचे तिखट, मीठ आणि आठ-दहा लसणाच्या पाकळ्यांबरोबर कुटा. गरम असताना कुटली तर तेल सुटून गोळा होतो. लसूण आधी तव्यावर कोरडा परतला तर चटणी पंधरा दिवस राहते. तिसरा ठेचा: शंभर ग्रॅम हिरव्या मिरच्या आणि वीस पाकळ्या तेलावर डाग पडेपर्यंत परतून, जिरं-मीठ घालून खलबत्त्यात. मिरच्यांना परतण्यापूर्वी चीर द्या, नाहीतर फुटून तेल तोंडावर उडतं.

रात्रीच्या दोन-तीन भाकरी उरल्या तर फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवा. सकाळी हातानं चुरून, पाण्याचा हबका मारून, कांदा-मिरचीच्या फोडणीवर झाकून पाच मिनिटं वाफवल्या की लेकरांच्या शाळेच्या आधीचा कुस्करा तयार.